जँगो शिकताना झालेली चूक

जँगो म्हणजे पायथॉनमध्ये वेबसाइट बनवण्याचा मुक्त, मोफत फ्रेमवर्क. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातील एका वृत्तपत्राच्या प्रोग्रामरांनी तो घडवला आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुला केला. पायथॉन थोडंफार येत होतं, म्हणून वर्गाचे गुण नोंदवायला मी तो घेतला.

पहिलं पान उघडलं तेव्हा काय आनंद झाला! दोन रविवार बसून ४० मुलांचे गुण भरले. मग मॉडेलमध्ये 'हजेरी' हा रकाना वाढवला, आणि पानावर एरर आला: 'नो सच कॉलम'. मी घाबरलो आणि डेटाबेसची फाइलच डिलीट केली. सगळे गुण गेले.

चूक साधी होती. मॉडेल बदललं की 'मेकमायग्रेशन्स' आणि 'मायग्रेट' या दोन कमांड द्याव्या लागतात. पहिली बदलाची नोंद तयार करते, दुसरी तो बदल डेटाबेसमध्ये करते. एररमध्ये रकान्याचं नावसुद्धा लिहिलेलं होतं. मी वाचलंच नाही.

गुण वहीत होते म्हणून वाचलो. तुम्ही मात्र एरर आला की आधी तो पूर्ण वाचा, फाइलची कॉपी काढून ठेवा, मगच हात लावा.