कासवासाठी तण पेरताना

इंग्लंडच्या दक्षिणेला, हॅम्पशर परगण्यात बेसिंगस्टोक नावाचं शहर आहे. लंडनहून आगगाडीनं तासाभराच्या आत पोचता येतं. पर्यटक इथे फारसे फिरकत नाहीत. येतात ते आमच्यासारखे सॉफ्टवेअरवाले. बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेला मी गेली सात वर्षं इथे राहतोय. पण इथल्या मातीशी माझी ओळख ऑफिसनं करून दिली नाही, ती करून दिली ऑलिव्हनं. ऑलिव्ह हे आमचं कासव.

ती मूळची शेजारच्या आजींची. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत आढळणारी, हर्मन जातीची, जमिनीवर राहणारी. तीन वर्षांपूर्वी आजी केअर होममध्ये राहायला गेल्या. तिथे कासव चालत नव्हतं. कुंपणापलीकडून त्यांनी विचारलं, "तुम्ही सांभाळाल का?" मी आणि बायको एकमेकांकडे बघेपर्यंत चार वर्षांच्या लेकीनं "हो" म्हणून टाकलं होतं.

आजी तिला प्रेमानं टोमॅटो, काकडी, केळं भरवायच्या. प्राण्यांच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा वजन जास्त होतं आणि चोच वाढलेली होती. सतत मऊ खाल्लं की चोच झिजत नाही. ते म्हणाले, हिला रानपाला हवा. तंतू आणि कॅल्शियम भरपूर, साखर आणि प्रथिनं कमी. दुकानात असं काही मिळत नाही, तेव्हा घरीच पिकवा.

पिकवायचं काय, तर लोक लॉनमधून उपटून फेकतात तेच! डँडेलायन, म्हणजे पिवळ्या फुलाचं, पानातून पांढरा चीक येणारं आणि शेवटी बी म्हातारीसारखं उडवणारं झाड. सोथिसल, आपल्या पाथरीच्या भाजीची नातलग. चिकोरी, जिची मुळं भाजून फिल्टर कॉफीत घालतात. मॅलो, जास्वंद आणि भेंडीच्या कुळातलं. आणि प्लँटेन. या नावाचं एक केळंही असतं, पण हे ते नव्हे. हे इसबगोलाच्या कुळातलं. उत्तर गुजरातेत, ऊंझ्याच्या बाजारात पोत्यांनी विकलं जाणारं इसबगोल आणि माझ्या कुंपणाखालचं हे तण एकाच घरातले निघाले, याची मला फार गंमत वाटली.

आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "अरे, आम्ही आयुष्यभर अंगणातलं तण उपटलं, आणि तू बी विकत आणून पेरतोस?"

पेरतो खरा. आमच्याकडे सहा ट्रे आहेत. दोन ऑलिव्हच्या आवारात, चार कुंपणाबाहेर वाढत असतात. आतले खाऊन संपत आले की अदलाबदल. ऑफिसात सर्व्हरचं करतो तेच इथे पाल्याचं. मार्चपासून दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं थोडं बी पेरलं की ऑक्टोबरपर्यंत खंड पडत नाही. डँडेलायनचं मूळ खोल जातं, म्हणून त्याला उंच कुंडी. त्याला उपटायचं नाही, पानं कापायची. मुळातून पुन्हा फुटतं. जमिनीत लावलेल्या रोपावर तारेची टोपली पालथी घालायची, म्हणजे बाहेर आलेली पानं ती खाते आणि बुंधा वाचतो. कीटकनाशक, गोगलगायींचं औषध, खताच्या गोळ्या यांना पूर्ण बंदी. नर्सरीतून आणलेलं रोप काही महिने तसंच वाढू द्यायचं आणि मगच तिच्यासमोर ठेवायचं. बटरकप, फॉक्सग्लव्ह, डॅफोडिल दिसायला सुंदर, पण विषारी. ती आवारात नकोतच. पालकात ऑक्झॅलेट जास्त, तोही टाळायचा. कॅल्शियमसाठी एक पांढरं हाड ठेवतो. आयुर्वेदात ज्याला समुद्रफेन म्हणतात, तेच हे.

खिडकीतल्या कुंडीत जास्वंद आहे. पहिलं फूल गणपतीला, दुसरं ऑलिव्हला.

याच परगण्यात, गाडीनं पाऊण तासाच्या आत, सेलबर्न नावाचं खेडं आहे. अठराव्या शतकात तिथे गिल्बर्ट व्हाइट नावाचे पाद्री राहत. त्यांच्या काकूंकडे टिमथी नावाचं कासव होतं. काकूंच्या मागे, १७८० मध्ये, व्हाइटनी ते घोडागाडीतून आपल्या घरी आणलं आणि त्याच्या बारीकसारीक नोंदी ठेवल्या. त्याला लेट्यूस, डँडेलायन, सोथिसल अशा चिकाच्या वनस्पती सर्वांत आवडतात, हे त्यांनी लिहून ठेवलंय. म्हणजे माझ्या ट्रेमधली यादी अडीचशे वर्षं जुनी! त्यांचं 'नॅचरल हिस्टरी ऑफ सेलबर्न' हे पुस्तक १७८९ मध्ये आलं. १७९३ मध्ये ते वारले, आणि टिमथी त्यांच्यानंतर वर्षभरानं. त्याचं कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. पुढे कळलं की टिमथी मादी होती.

व्हाइटचं घर आता संग्रहालय आहे. मागच्या टेकडीवर बीच वृक्षांचं रान आहे आणि त्यातून चढणारी नागमोडी पायवाट त्यांनी भावाबरोबर १७५३ मध्ये तयार केलेली. आम्ही ती चढलो तेव्हा लेक वर न बघता खाली बघत होती. "बाबा, प्लँटेन! बाबा, सोथिसल!" इंग्लंडच्या एका टेकडीवरचं गवत ती नावानं ओळखत होती. लहानपणी मला आमच्या अंगणातल्या तणांची नावं येत नव्हती. पाथरीसुद्धा मला इथे आल्यावर कळली.

हिवाळ्यात ऑलिव्ह झोपते. आधी काही आठवडे खाणं थांबवून पोट रिकामं होऊ द्यायचं, मग पेटीत घालून वेगळ्या फ्रीजमध्ये, पाच अंशांच्या आसपास. हवेसाठी रोज दार उघडायचं. "फ्रीजमध्ये?" आईचा विश्वास अजून बसलेला नाही.

हे वाचून तुमच्यापैकी कुणाला कासव पाळावंसं वाटलं, तर एक सांगायलाच हवं. भारतात घराघरांत 'शुभ' म्हणून ठेवलं जाणारं स्टार कासव पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. ती रानातून पकडून आणलेली असतात. घरात ठेवून त्यांचं किंवा आपलं भलं होत नाही. त्यापेक्षा कुंडीत पाथरी लावा. ती आपल्याला भाजीला होते.

आई दर रविवारी विचारते, "परत कधी येणार?" आई-बाबा थकलेत, हे मला कॅमेऱ्यातही दिसतं. बडोद्याला परतायचं ठरलं, तर ऑलिव्ह बरोबर येणार नाही. परवान्यांचा प्रश्न आहेच, पण थंड हिवाळ्याची सवय असलेल्या जिवाला आपला मे महिना कशाला दाखवायचा? शिवाय ही जात पन्नास वर्षांहून जास्त जगू शकते. आज ना उद्या मलाही कुंपणापलीकडे कुणाला तरी विचारावं लागणार आहे.

म्हणून एक वही केली आहे. कोणतं बी कधी पेरायचं, काय द्यायचं, काय नाही, दर महिन्याचं वजन. लेकीनं पानं चिकटवून खाली नावं लिहिली आहेत, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी. ट्रे जसे आहेत तसे इथेच ठेवून जाईन. येत्या मार्चची पेरणी मात्र आमचीच. चिकोरीचं बी आणून ठेवलंय.