रंगावर जाऊ नका!

‘बॉर्डर कोली’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? काळी पाठ, गळ्याला पांढरी कॉलर, ‘बेब’ सिनेमातली ती हुशार फ्लाय! ऑनसाइटवर न्यूकॅसलला असताना एका शनिवारी नॉर्थम्बरलंडच्या डोंगराकडे निघाले, तेव्हा माझ्याही डोक्यात हेच चित्र होतं. त्यात पुण्याहून मैत्रिणीचा मेसेज : ‘ब्लू मर्ल कोली मिळतोय. फोटो बघ, कसला क्यूट आहे! घेऊ का?’

मर्ल म्हणजे राखाडी अंगावर काळे शिंतोडे, कधी एखादा डोळा निळा. पाहुण्यांनी ‘वॉव’ म्हणावं असाच!

न्यूकॅसलहून ओटरबर्न साधारण ५० किलोमीटर. शहर मागे पडलं की दगडी कुंपणं, ओलं गवत आणि मेंढ्याच मेंढ्या. फार्मवरच्या आजोबांकडे चार कुत्रे होते. एक काळा-पांढरा, एक काळा-तपकिरी-पांढरा, एक चॉकलेटी आणि चक्क आखूड केसांचा, आणि एक मर्ल.

‘यातला खरा बॉर्डर कोली कुठला?’ मी विचारलं.

आजोबा हसले. ‘चौघंही. थांब, दाखवतो.’

शिट्टी वाजली. चॉकलेटी सुटला तो लांबून वळसा घालून थेट कळपामागे. मग पोट जमिनीला टेकेल इतका वाकून, नजर रोखून, एकेक पाऊल पुढे. भुंकणं नाही, चावणं नाही. नुसत्या नजरेनं कळप हलला! आपल्या धनगरांच्या कळपाबरोबरचे कुत्रे मुख्यतः राखण करतात; इथला गडी मेंढ्या वळवतो.

ही नजरच या जातीची ओळख. १८९३ मध्ये याच नॉर्थम्बरलंडमध्ये ॲडम टेल्फर यांच्याकडे ‘ओल्ड हेम्प’ जन्मला. शांतपणे, नजरेनं काम करणारा. आजच्या बॉर्डर कोलींचं मूळ त्याच्यापर्यंत जातं. १९०६ मध्ये इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी स्थापन झाली. तिच्या नोंदवहीत वंशावळ नसलेला कुत्राही कामाच्या गुणांवर दाखल होऊ शकतो. रंगाची अट नाही!

‘मग मर्लला भाव का?’

आजोबा गंभीर झाले. मर्ल ही जात नाही, नुसता रंग आहे. तो शेल्टीत दिसतो, ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये दिसतो, अगदी डॅशहुंडमध्येही. एका पालकाकडून हे जनुक आलं तर छान शिंतोडे उठतात. दोन्हीकडून आलं, तर पिल्लू बरंचसं पांढरं, आणि बहिरं किंवा आंधळं जन्मू शकतं. दोन मर्लची जोडी लावली, की प्रत्येक पिल्लामागे ही दुहेरी मात्रा मिळण्याची शक्यता चारात एक. २००६ मध्ये संशोधकांनी हा जनुकीय बदल शोधला. आता त्याची डीएनए टेस्ट होते.

मी तिथूनच मैत्रिणीला फोन लावला. ‘पिल्लाचे आई-बाबा कुठल्या रंगाचे, विचार.’

संध्याकाळी तिचा फोन आला. ‘अगं, दोघंही मर्ल. विकणारा म्हणतो, म्हणून तर पिल्लं इतकी सुंदर! कोपऱ्यात एक पांढरंशुभ्र पिल्लू होतं. मी टाळ्या वाजवल्या, हाका मारल्या. त्यानं मान वळवली नाही.’

तिनं मर्ल घेतला नाही. पांढऱ्या पिल्लाचं काय झालं, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.

जाताना...
• मेंढ्यांजवळून जाताना गेट लावून घ्या. काम करणाऱ्या कुत्र्याला हाक मारू नका.
• कोली घ्यायचा विचार आहे? आधी त्याचे आई-वडील बघा, कान-डोळे तपासून घ्या. आणि स्वतःला विचारा : दिवसभर धावणारा हा गडी टू बीएचकेमध्ये करणार काय?