गावाच्या पानाची पहिली ओळ

आमच्याकडची जुनी माणसं आजही ‘घोडनदीला जाऊन येतो’ म्हणतात. म्हणजे शिरूरला. नदी घोड आणि गावही घोडनदी. मराठी विकिपीडियावर लेख मांडताना पहिला पेच इथेच पडतो: शोधपट्टीत ‘घोडनदी’ लिहिणाऱ्याला गाव हवंय की नदी? त्यातून एक शिरूर बीड जिल्ह्यात, शिरूर अनंतपाळ लातूर जिल्ह्यात, आणि शिरूर लोकसभा मतदारसंघ तर जुन्नरपासून हडपसरपर्यंत. म्हणून लेखाच्या माथ्यावर एक ओळ लागते: हा लेख पुणे जिल्ह्यातील गावाविषयी आहे, इतर अर्थांसाठी निःसंदिग्धीकरण पान पाहा. वाट चुकलेल्याला वेशीवरच रस्ता सांगणारी ही ओळ मी कधीही गाळत नाही.

मग पहिला परिच्छेद. माझा सगळ्यात जास्त वेळ त्यावरच जातो. मोबाइलवर तोच आधी दिसतो. जिल्ह्यासारख्या नोंदी दाखवणारी माहितीचौकट त्याच्या खाली येते आणि पुढचे विभाग मिटलेले असतात. बरेच वाचक तिथूनच परत जातात. ‘दौंड हे ऐतिहासिक वारसा लाभलेले शहर आहे’ हे वाक्य कुठल्याही गावाला चिकटवता येतं. भीमेकाठच्या दौंडला पुणे–सोलापूर लोहमार्गावरून मनमाडची लाइन फुटते, हे मात्र फक्त दौंडचं. तेच आधी यायला हवं.

रांजणगावचा महागणपती, कोरेगाव भीमा, वढू बुद्रुक ही सगळी शिरूर तालुक्यातली. प्रेमापोटी माणसं हे सगळं शिरूर शहराच्याच पानात भरतात आणि त्या गर्दीत शहर दिसेनासं होतं. कोरेगावची १ जानेवारी १८१८ ची लढाई हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे तालुक्याच्या विभागात एक वाक्य आणि दुवा पुरे.

माहितीचौकट हा साचा असतो, महिरपी कंसांच्या दोन जोड्यांत बसवलेला. शेवटचे कंस राहिले की चौकट बनतच नाही; ‘| जिल्हा = पुणे’ अशा कच्च्या ओळी थेट वाचकासमोर येतात. एकदा रात्री घाईत मी असंच पान जतन केलं. सकाळी उघडलं तर सगळा साचा उघडा पडलेला, आणि रात्रभरात ज्यांनी पान पाहिलं त्यांनी ते तसंच पाहिलं. तेव्हापासून नवी मांडणी आधी धूळपाटीवर. १ मे २००३ पासून चालू असलेल्या या ज्ञानकोशात सरावाच्या पानाला धूळपाटी म्हणतात आणि चर्चेच्या जागेला चावडी. धुळीत बोटाने अक्षर गिरवायचं, पुसायचं, पुन्हा गिरवायचं. कामही अगदी तसंच चालतं.

आज तुमच्या गावाचं पान मोबाइलवर उघडा आणि फक्त पहिली ओळ वाचा. ती शेजारच्या गावालाही चालण्यासारखी असेल, तर ‘संपादन’ दाबा आणि बदला.