एक मूल, दोन मैदाने

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी काही लिहावे, असे पत्र आले तेव्हा आम्ही काही जण एकत्र बसलो. शाळेची स्थापना, वसतिगृहाची उभारणी, दहावीचे निकाल, मोठ्या पदांवर पोहोचलेले विद्यार्थी यांविषयी जाणकार मंडळी लिहितीलच. आमचा या वास्तूशी जो संबंध जडला तो मुख्यतः वसतिगृहामागच्या मैदानामुळे. आमच्यापैकी कोणी खर्डी-डोळखांबकडचे, कोणी किन्हवलीचे, तर कोणी मुरबाडच्या सरळगाव, धसई, टोकावडे या बाजूचे. शाळेच्या कबड्डीच्या संघातही आम्हीच होतो आणि खो-खोच्या संघातही आम्हीच. गेली काही वर्षे दर रविवारी आम्ही आळीपाळीने शाळेत येतो आणि मुलामुलींचा सराव घेतो. या काळात जो प्रश्न आमच्यासमोर वारंवार आला, तोच या लेखात मांडावा असे सर्वानुमते ठरले. दोन्ही खेळ उत्तम खेळणाऱ्या मुलाचे आपण मोठ्या माणसांनी काय करावे, हा तो प्रश्न होय.

दोन खेळ खेळणे ही आमच्या काळी हौस नव्हती. ती परिस्थिती होती. मैदान एक, मुले मोजकी. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद, दोन टोकांना दोन खांब. कबड्डीचे मोठे मैदान १३ मीटर बाय १० मीटर. फक्कीने आखलेल्या मधल्या पाटीवरच कबड्डीची मध्यरेषा यायची आणि कोणती रेषा कोणत्या खेळाची, हे नव्या मुलाला समजेपर्यंत चाचणी परीक्षा येऊन जायची. कबड्डीला सात गडी लागतात, खो-खोला नऊ. वर्गातली जी आठ-दहा मुले चपळ असत, तीच दोन्हींकडे घेतली जात. निवड समिती वगैरे प्रकार नव्हता.

पुढे मुलांना शिकवू लागलो तेव्हा या परिस्थितीने आम्हांस नकळत काय दिले होते, ते ध्यानात आले. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांब ओलांडेपर्यंत त्याला मागे वळता येत नाही आणि मधली पाटीही ओलांडता येत नाही. संरक्षण करणारा मात्र हवा तसा वळतो. म्हणून संरक्षक समोरच्याच्या खांद्यावरून त्याची पुढची चाल ओळखायला शिकतो. हीच नजर कबड्डीत चढाई करताना उपयोगी पडते. कोपऱ्यातला गडी घोट्याकडे झेपावणार आहे, हे त्याच्या खांद्यावरून आधी कळते. खांबाजवळचा गडी टिपण्यासाठी मारलेला सूर आणि पकडीत सापडल्यावर मध्यरेषेकडे टाकलेले अंग, यांत फारसे अंतर नाही. उलट बाजूने पाहिले तर कबड्डीतील साखळीची पकड मुलाला शेजाऱ्याबरोबर एकाच क्षणी हलायला शिकवते. असे मूल खो-खोत पाटीवर बसले की त्याचा खो उशिरा जात नाही. एक खेळ दुसऱ्याचा वेळ खातो असे अनेकांना वाटते. बाराव्या-तेराव्या वर्षी तो दुसऱ्याला खाऊ घालतो, असा आमचा अनुभव आहे.

अडचण सुरू होते ती स्पर्धांच्या हंगामात. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय अशी त्यांची चढण असते. महानगरपालिकांचे संघ वेगळे धरले जातात, त्यामुळे शहापूर आणि मुरबाडची मुले ठाणे ग्रामीणकडून उतरतात. मात्र मुंबई विभागात पोहोचली की समोर शहरातले संघ असतात. पहिल्या फेऱ्या ऐन पावसाळ्यात येतात. भातलावणीसाठी गावी गेलेली मुले नुकतीच परतलेली असतात, मैदानावर चिखल असतो आणि पावसाने पुढे ढकललेला एक सामना नेमका दुसऱ्या खेळाच्या दिवशी येऊन पडतो. अशा वेळी दोन्ही संघांत असलेले मूल दोन्हींकडून ओढले जाते.

तीन वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो. मुरबाड तालुक्यातील एका पाड्यावरची मुलगी तेव्हा आठवीत होती. कबड्डीत ती मुख्य चढाईपटू, खो-खोत शेवटच्या तुकडीत उतरून तीन-तीन मिनिटे टिकणारी. पावसामुळे खो-खोचे सामने पुढे गेले आणि दोन्ही स्पर्धा एकाच दिवशी आल्या, त्याही वीस किलोमीटर अंतरावर. सकाळी कबड्डी आणि दुपारी खो-खो, मध्ये मोटारसायकलने नेऊ, इथपर्यंत योजना झाली. दोन दिवस शाळेत हीच चर्चा होती. वसतिगृहाच्या ताईंच्या मात्र वेगळेच लक्षात आले. पोरगी जिना चढताना एकच पाय पुढे टाकत होती. दुसरा नुसता ओढून घेत होती. गुडघ्याखाली हाडावर उंचवटा आला होता आणि तो दाबला की ती ओठ मिटून घेई. डॉक्टरांनी तपासले. वाढीच्या वयात धावणाऱ्या-उड्या मारणाऱ्या मुलांना असे होते, घाबरण्याचे कारण नाही, पण तीन आठवडे पूर्ण विश्रांती हवी, असे त्यांनी सांगितले.

आम्ही तिला विचारले, "एवढं दुखत होतं तर सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "सर, संघातून काढलं असतं तर भट्टीवर जावं लागलं असतं."

हे वाक्य नीट समजून घ्यावे लागेल. आपल्या दोन्ही तालुक्यांतील कितीतरी कुटुंबे भातकापणी आटोपली की दिवाळीनंतर भिवंडी-कल्याण पट्ट्यातील वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. त्या वर्षी तिच्या धाकट्या भावाला सांभाळायला तिलाही बरोबर न्यावे, असा घरात विचार चालला होता. 'मी शाळेच्या संघात आहे' हे एकच कारण ती घरच्यांपुढे ठेवू शकत होती. आपल्याला वाटते, मूल पदकासाठी दुखणे लपवते. ती शाळेत राहण्यासाठी दुखणे लपवत होती.

दोन्ही संघ तिच्याविना उतरले. कबड्डीत आपण पहिल्याच फेरीत हरलो. खो-खोत उपांत्य फेरीपर्यंत गेलो. तिला संघातून काढले नाही. गुणलेखनाची वही तिच्या हाती दिली आणि प्रत्येक सरावाला तिला मैदानाच्या कडेला बसवले. मुख्याध्यापकांनी तिच्या आईवडिलांना बोलावून, पोरगी संघातच आहे आणि शाळेतच राहील, असे समजावले. धाकट्या भावाची सोय आजीकडे झाली. आज ती अकरावीत आहे, अजूनही दोन्ही खेळ खेळते. पुढे कोणता धरायचा, असे विचारले तर म्हणते, "बारावी होऊ द्या. मला दोन्ही खेळायचंय, फक्त एका दिवशी नको."

या प्रसंगापासून आम्ही ज्याला गुणवत्तेचा विकास म्हणतात, त्याचा अर्थ निराळा लावू लागलो. शहरातील मुलाला संघातून वगळले तर त्याची एक संध्याकाळ मोकळी होते. आपल्या मुलाला वगळले तर कदाचित त्याची शाळाच सुटते. म्हणून सामन्याच्या दिवशीच्या सात किंवा नऊ गड्यांपेक्षा आपला संघ मोठा असला पाहिजे.

वसतिगृहात वाढलेल्या आम्हां सर्वांना महावग्गातील सोण कोळिविसाची कथा ठाऊक आहे. श्रीमंताघरचा हा सुकुमार तरुण भिक्खू झाला आणि चंक्रमण करता करता त्याच्या पायांतून रक्त वाहू लागले. गृहस्थाश्रमात तो वीणा उत्तम वाजवीत असे. भगवंतांनी त्याला वीणेच्या तारांविषयी विचारले. फार ताणलेली तार नीट वाजत नाही, सैल सोडलेलीही वाजत नाही, हे त्याच्याच तोंडून वदवून घेतले. लहानपणी ही कथा अभ्यासाविषयी आहे असे आम्हांस वाटे. सोळा वर्षांच्या मुलाचे सुजलेले गुडघे पाहिल्यावर ती मैदानासाठीही तितकीच आहे, हे पटते.

हा पेच केवळ आपल्याच वाट्याला आलेला नाही. आयर्लंडमध्ये १८८४ साली स्थापन झालेली एक क्रीडा संघटना तेथील देशी खेळ चालवते. त्यांतले दोन प्रमुख: काठीने चेंडू मारण्याचे हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल. दोन्ही एकाच मैदानावर, पंधरा-पंधरा खेळाडूंत होतात. खेळाडू गावच्या क्लबाचा असतो, त्याला मानधन नसते. तो शिक्षक, शेतकरी किंवा कामगार असतो. दोन्ही खेळ खेळणाऱ्यांना तेथे मोठा मान. कॉर्क परगण्याच्या टेडी मॅकार्थी यांनी १९९० साली एकाच वर्षी दोन्ही खेळांचे अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवले. त्याच परगण्याच्या रीना बकली यांनी फुटबॉलची ११ आणि स्त्रियांच्या हर्लिंगची, म्हणजे कॅमोगीची, ७ अशी १८ विजेतेपदे मिळवली आणि दोन्ही संघांचे नेतृत्व केले. आता मात्र सरावाचा भार इतका वाढला आहे की वरच्या पातळीवर असा खेळाडू विरळ झाला आहे. दोन प्रशिक्षक, दोन वेळापत्रके आणि मधे एकच शरीर, अशी तेथील तरुणांचीही ओढाताण होते.

इतके दूर जायचे नसेल तर आपल्याच ठाणे जिल्ह्यातील नवी मुंबईकडे पाहावे. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी तेथील मैदानावर महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करणारी मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज शाळकरी वयात हॉकीही खेळत होती आणि १७ वर्षांखालील महाराष्ट्राच्या हॉकी संघात होती. तिच्या हातून हॉकीची काठी बाराव्या वर्षी कोणी हिसकावून घेतली नाही.

घाई न करण्याचे आणखी एक कारण शरीराच्या वाढीचे आहे. कबड्डीत वयोगटानुसार वजनाची मर्यादा असते. चौदा वर्षांखाली आपली काटक मुले शोभून दिसतात. पुढच्या गटात समोरचे गडी अंगाने भरतात आणि आपली मुले पकडीत कमी पडू लागतात. तेव्हा खो-खो त्यांना सावरतो. एखाद्याचे उलट होते. दहावीच्या सुट्टीत तो वीतभर वाढतो आणि खो-खोत जड वाटू लागलेला मुलगा कबड्डीचा उत्तम कोपरारक्षक ठरतो. हे बाराव्या वर्षी कोणालाच सांगता येत नाही. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनींसाठी लहान मुलांची निवड करतानाही आधी धाव, उडी, चेंडूफेक, लवचीकता अशा चाचण्या घेतात. म्हणजे आधी अंगचे गुण पाहतात, खेळ त्यानंतर येतो.

पालक विचारतात, खेळून पोट भरेल काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याला गोड उत्तर देणे योग्य नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. प्रो कबड्डीमुळे २०१४ पासून कबड्डीत पैसाही आला. परंतु तेथवर पोहोचणारे थोडेच. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण ते तालुक्याच्या प्रमाणपत्रावर मिळत नाही. आमच्यापैकी दोघे पोलिसांत आहेत, ते खेळाच्या कोट्यातून नव्हे. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, शिवाय १०० मीटर धाव आणि गोळाफेक असते. या मैदानावर कमावलेले पाय तेथे कामी आले. पदकाचे वचन आम्ही कोणत्याही पालकास देत नाही. मूल शाळेत टिकेल आणि अंगाने धड राहील, एवढे मात्र म्हणू शकतो.

सध्या आम्ही काही नियम पाळतो. प्रत्येक मुलाची एक वही असते. तीत दोन्ही खेळांचा सराव एकाच ठिकाणी नोंदला जातो, म्हणजे एका प्रशिक्षकास दुसऱ्याने काय करून घेतले ते कळते. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती. एका दिवशी एकाच खेळाचा सामना. दहावीपर्यंत गावोगावच्या रात्रीच्या प्रकाशझोतातील स्पर्धांना कोणाही मुलाला पाठवायचे नाही, मग बक्षीस कितीही मोठे असो. दुखणे सांगणाऱ्याची संघातील जागा जाणार नाही, हे हंगामाच्या पहिल्याच दिवशी सर्वांसमक्ष सांगायचे. आणि दोन सामने एकाच दिवशी आले, तर निर्णयापूर्वी त्या मुलाला विचारायचे.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करून लेख संपवतो. चषक आणि ढाली पुष्कळ झाल्या. कार्यालयातील कपाट भरले आहे. आपल्या मुलांना मॅट पहिल्यांदा दिसते ती थेट वरच्या फेरीच्या स्पर्धेत, आणि मातीवर घडलेले पाय तेथे घसरतात. सरावापुरत्या का होईना, कबड्डीच्या मॅट हव्या आहेत. मापाचे बूट हवे आहेत. स्पर्धेच्या दिवशी दोन्ही तालुक्यांतील मुलांना ने-आण करणारे वाहन हवे आहे. ज्यांना यांपैकी काहीच जमणार नाही, त्यांनी एखाद्या रविवारी सकाळी सात वाजता मैदानावर यावे. वह्या तपासायला माणसे कमी पडतात.