आकाशातून पडलेले कडे

चैत्राच्या आरंभी चंद्रपूर जिल्ह्यातील रानात मोह फुलतो. रात्रभर फुले टपटप गळत राहतात आणि पहाटे आयाबाया टोपल्या घेऊन ती वेचावयास जातात. ती खालीच का पडतात, असे सहसा कोणी विचारीत नाही. रोज डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टीचे नवल वाटत नाही, हा मनुष्यस्वभावच आहे.

2 एप्रिल 2022 रोजी मात्र सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात मोठे नवल घडले. तो गुढीपाडव्याचा दिवस होता. रात्री पावणेआठच्या सुमारास आकाशात अग्नीची एक लांब रेघ उमटली आणि गावातील मोकळ्या जागेत मोठा आवाज होऊन काहीतरी येऊन पडले. भयाने लोक घरांत शिरले. पुढे धीर करून पाहतात तो काय, सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे! जवळच्या पवनपार परिसरात धातूचा एक गोळाही सापडला. सुदैवाने कोणास इजा झाली नाही.

अनेकांना ती उल्का वाटली. परंतु उल्का बहुधा क्षणार्धात विझते. ही रेघ संथपणे सरकत होती. जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञांनी दूर अमेरिकेतून सांगितले, की हा चीनने फेब्रुवारी 2021 मध्ये सोडलेल्या अग्निबाणाचा भाग असावा. तो कोणत्या सुमारास व कोणत्या मार्गाने खाली येईल, याचे गणित आधीच मांडलेले होते आणि ते या रेघेशी जुळत होते. पुढे इस्रोच्या वैज्ञानिकांनी येऊन तुकड्यांची पाहणी केली.

ते कडे पेटले कसे? सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने येणाऱ्या वस्तूपुढील हवा एकाएकी दाबली जाते आणि दाबलेली हवा तापते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप गरम होतो, त्याचे कारणही हेच. आणि ते खाली का आले? ज्या ओढीने मोहाचे फूल भूमीवर येते, त्याच ओढीने. रानातील फुलाला आणि आकाशातील अग्निबाणाला एकच नियम लागू आहे, हे दाखविणारी विद्या म्हणजे भौतिकशास्त्र.

ही विद्या शिकण्याची सोय आता जवळ आली आहे. 2011 साली गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले; तत्पूर्वी चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालये नागपूरच्या विद्यापीठाशी जोडलेली होती. बारावीपर्यंत विज्ञान, मग बी.एस्सी., एम.एस्सी. आणि संशोधनाची ओढ असल्यास पीएच.डी., अशी ही वाट आहे. ती सोपी नव्हे. येथे गणिताशी मैत्री करावी लागते. लंबकाचे आंदोलन पुन्हा पुन्हा मोजावे लागते आणि उत्तर जुळले नाही, तर आपलीच चूक शोधावी लागते.

“इतके शिकून पुढे काय?” धानाच्या शेतीवर आणि रानावर ज्यांचे पोट आहे, अशा घरातील वडीलधाऱ्यांचा हा प्रश्न रास्त आहे. त्याची उत्तरेही अनेक आहेत. कोणी शिक्षक होऊन आपल्याच तालुक्यात हा विषय शिकवितो. कोणी 1875 साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्यात जाऊन, शेतकरी ज्याची वाट पाहतो त्या पावसाचा अंदाज बांधतो. कोणी रुग्णालयात वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ होतो व कर्करोगाच्या रुग्णास किरणांची मात्रा किती द्यावी, हे मोजतो. कोणी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात किंवा इस्रोत प्रवेश मिळवितो. सर्वांनाच हे साधत नाही. परंतु नीट मोजण्याची आणि कारण शोधण्याची सवय कोणत्याही कामात वाया जात नाही.

आकाशातून कडे पडणे ही क्वचित घडणारी गोष्ट. मोहाची फुले मात्र दरवर्षी गळतात. ती वेचताना एखाद्या मुलाने वा मुलीने क्षणभर थांबून “हे असे का?” एवढेच विचारले, तरी भौतिकशास्त्राचा पहिला धडा तेथेच सुरू झाला असे समजावे.