फिल्टर बंद न करता घरात शांतता



"जैनांच्या घरी फिश टँक कसा?" हे पाहुणे दारातच विचारतात, म्हणून त्याचं उत्तर आधी देते. मासे आम्ही विकत आणले नाहीत. शेजारच्या कुटुंबाची बदली झाली, सामान ट्रकमध्ये चढलं आणि अकरा गप्पी मासे मागे उरले. कुणीतरी म्हणालं, "कृष्णेत सोडून द्या, पुण्य लागेल." पण गप्पी मुळात अमेरिका खंडाकडचा मासा. पेटीत वाढलेला असा मासा नदीत सोडला तर एक तर तो मरतो, नाही तर तगून तिथल्या लहान जिवांच्या वाट्याचं खातो. दोन्हीचं पाप आपल्याच माथी. म्हणून दोन फुटांचा तो टँक आमच्या पुढच्या खोलीत आला.

सांगलीतलं आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीतच देव्हारा, तिथेच टीव्ही, तिथेच सासूबाईंचं सामायिक. त्यांचं वय चौऱ्याहत्तर. चातुर्मासात दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी दोन घटिका म्हणजे 48 मिनिटं बसायचा त्यांचा नियम आहे. आणि टँकचा फिल्टर अखंड घरघरणारा. पहिल्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "अगं, मी बसते तेवढा वेळ ते बंद कर की." दुसऱ्या आठवड्यात काहीच बोलल्या नाहीत. आसन उचललं आणि स्वयंपाकघरात, गॅसचं सिलिंडर आणि मागचं दार यांच्या मधल्या जागेत जाऊन बसू लागल्या. ते मला फार लागलं.

मग फिल्टर बंद का करायचा नाही? कारण तो केवळ कचरा ओढणारं यंत्र नाही. मासे कल्ल्यांमधून अमोनिया बाहेर टाकतात आणि तो त्यांच्यासाठी विषच असतो. फिल्टरच्या स्पंजात सूक्ष्म जिवाणूंची वस्ती असते. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट कमी घातक असतं आणि पाणी बदललं की निघून जातं. या जिवाणूंना वाहत्या पाण्यातून प्राणवायू मिळतो. पाऊण तासात काही आकाश कोसळत नाही, हे खरं. पण तीन वेळचे मिळून 144 मिनिटं होतात, त्यात लाईट जाते ती वेगळी. शिवाय सामायिकात बसलेल्या माणसाला मध्येच उठून बटण लावता येत नाही आणि मी कधी बाजारात, कधी गच्चीवर. पुन्हा चालू करायचं एकदा राहिलं की वस्ती गुदमरणार आणि मागोमाग मासे.

हे सांगितल्यावर सासूबाई लगेच म्हणाल्या, "स्पंजात पण जीव आहेत होय? मग बंद नको." राहिला प्रश्न आवाजाचा. दुकानदाराने 900 रुपयांचा नवा फिल्टर दाखवला. महिनाअखेरीला ते जमण्यासारखं नव्हतं आणि जुना फिल्टर पाणी तर नीट ओढत होता. तेव्हा आवाज कुठून येतो तेच शोधायचं ठरवलं.

यात सासूबाईंचे कान कामाला आले. इतके दिवस त्या आवाजाशी झगडून त्यांना त्यातला प्रत्येक सूर वेगळा ऐकू येत होता. "एक आवाज नाही गं, चार आहेत," त्या म्हणाल्या. आपल्या भाषेत प्रत्येक आवाजाला नाव आहे, म्हणून त्याच नावांनी सांगते. आमचा फिल्टर पाण्यात बुडवून काचेला चिकटवायचा आहे. साध्या घरगुती टँकमध्ये बहुधा हाच असतो.

खडखड. ही झाकणाची. झाकणावर तळहात दाबून धरा, आवाज थांबला तर दोषी सापडला. प्लास्टिकचं झाकण काचेच्या कडेवर थरथरत असतं. जुन्या हवाई चपलेचे पातळ तुकडे कापून चारही कोपऱ्यांत ठेवले आणि खडखड संपली. टँकशेजारी फोटोफ्रेम किंवा स्टीलचं भांडं असेल तर तेही सरकवा. टँक मात्र भरलेला असताना हलवू नका. 50 लिटर पाणी म्हणजे 50 किलो वजन, काच तडकायला वेळ लागत नाही.

भुणभुण. हा भुंग्यासारखा खालचा सूर काचेतून येतो. फिल्टर ज्या रबरी वाट्यांनी काचेला चिकटतो, त्या जुन्या होऊन कडक होतात. मग फिल्टर कलतो, त्याचं अंग काचेला टेकतं आणि अख्खा टँक तंबोऱ्यासारखा वाजतो. वाट्या काढून थोडा वेळ गरम पाण्यात ठेवल्या की बऱ्याचदा मऊ पडतात. आमच्या दोन चिरल्या होत्या, त्या 20 रुपयांत नव्या मिळाल्या. लावण्याआधी काचेचा तेवढा भाग पुसून घ्या, शेवाळावर वाटी धरत नाही.

घरघर. ही मोटरीच्या पोटातली. हात पाण्यात घालण्याआधी पिन काढा. नुसतं बटण बंद करून भागवू नका. फिल्टर बाहेर काढून पुढची टोपी ओढली की आत चुंबकाचा छोटा पंखा दिसतो, त्याला इंपेलर म्हणतात. आमच्या पंख्याला एक लांब केस गुंडाळला होता आणि खाचेत वाळूचा एक कण अडकला होता. जुन्या टूथब्रशने पंखा आणि खाच घासली, साबण अजिबात लावला नाही. पंख्याचा दांडा वाकलेला किंवा झिजलेला नाही ना, तेवढं बघा. तसं असेल तर नुसता इंपेलर बदलता येतो, सगळा फिल्टर टाकायची गरज नसते. पुन्हा बसवताना फिल्टर पाण्याखाली आडवातिडवा करून आतली हवा निघू द्या. हवा अडकली तरी तो घरघरतो.

फसफस. फिल्टरला एक बारीक नळी असते. ती वरून हवा ओढते आणि बुडबुडे सोडते. तिच्या टोकाचा चाप थोडा आवळला की आवाज उतरतो. बुडबुडे कमी झाले तर मासे गुदमरतील, अशी भीती वाटते. पण पाण्यात प्राणवायू मुख्यतः वरच्या थरातून, पाणी हलत राहिल्यामुळे शिरतो. म्हणून फिल्टरचं तोंड पृष्ठभागाच्या जरा खाली ठेवायचं, वरचं पाणी सारखं लहरत राहिलं पाहिजे. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले तर चाप लगेच सैल करा. पाण्याची पातळी उतरली की धार वरून पडते आणि खळखळ सुरू होते. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी पाण्याची भर घातली की तीही थांबते.

आता स्पंज धुण्याबद्दल. तो नळाखाली धरू नका, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ती वस्ती मरते. मी आठवड्याला टँकमधलं पाचवा भाग पाणी बादलीत काढते आणि दोन-तीन आठवड्यांनी त्याच पाण्यात स्पंज हलकेच पिळते. नवं पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवलेलं असतं, म्हणजे क्लोरीन बरंचसं उडून जातं. सासूबाईंना हे समजावून सांगावं लागलं नाही. माहेरी विहिरीचं पाणी दुहेरी कापडातून गाळल्यावर कापडावरचे जीव पुन्हा त्याच विहिरीत सोडायचे, हे त्यांनी लहानपणापासून केलेलं आहे. ज्या पाण्यातला जीव, त्याच पाण्यात तो सांभाळायचा. काढलेलं पाणी आम्ही तुळशीला आणि जास्वंदीला घालतो, झाडं छान धरतात.

एवढं करून आमच्याकडे पूर्ण शांतता आली असं नाही. मोटर आहे तोवर बारीक सूर राहणारच आणि रात्री पंखा बंद केला की तो ऐकू येतो. पण सासूबाईंचं आसन स्वयंपाकघरातून देव्हाऱ्यासमोर परत आलं आहे आणि फिल्टर एक दिवसही बंद राहिलेला नाही. मधूनच सामायिक आटोपून त्या सांगतात, "आज जरा घरघरतंय बरं का." मी कॅलेंडर बघते, स्पंज पिळायची वेळ झालेलीच असते.

तुमच्या घरी वेगळ्या प्रकारचा फिल्टर असेल आणि तुम्ही त्याचा आवाज कसा उतरवला ते सांगितलंत तर मला आणि इतर मैत्रिणींनाही उपयोग होईल. नवा घेण्याआधी एकदा पिन काढून तो टूथब्रशने घासून मात्र बघाच.

जय जिनेंद्र!