अर्धवेळ पीएचडीबाईंना

पीएचडीबाई,


पत्रास कारण की, शाळेत नोकरी करून शालेय मानसशास्त्रात तुमच्या मागे लागलेल्यांपैकी मी एक. तुमच्याबद्दल सगळीकडे छापून येतं ते एवढंच की 'नोकरी सांभाळून, आपल्या सवडीने' तुम्हाला मिळवता येतं. शाळेतल्या समुपदेशकाला सवड नेमकी कोणत्या तासाला असते, हे लिहिणाऱ्याला एकदा विचारायचं आहे. मधल्या सुट्टीत मुलं येतात, शाळा सुटल्यावर पालक येतात आणि ऑफ पिरियड दिसला की पर्यवेक्षक येतात, कारण सातवी 'ब'चे सर रजेवर असतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२२ची नियमावली मी नीट वाचली आहे. तुमच्यासाठी किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन, आणि बाईमाणसाला त्यावर अजून दोन. म्हणजे पहिलीत आलेलं पोर दहावीला बसेपर्यंत तुमचा मुक्काम आमच्या घरी असू शकतो. याबद्दल माझी तक्रार नाही, उलट ही मुदत शहाणपणाची आहे. गंमत पुढे आहे. अर्धवेळ प्रवेशासाठी एनओसी लागते, आणि त्यात नोकरी देणाऱ्याने लिहून द्यायचं असतं की या व्यक्तीला तिच्या कामातून संशोधनासाठी पुरेसा वेळ मिळतो आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी तिला मोकळं केलं जाईल. आता मुख्याध्यापकांनी हे खरंच लिहून दिलं, तर संस्थेच्या बैठकीत पहिला प्रश्न येणार : बाईंना एवढा वेळ उरतो, तर त्यांना आठवीचं मूल्यशिक्षण का देत नाही? त्यामुळे सही होते ती 'शाळेच्या वेळेत काहीही करणार नाही' या तोंडी अटीवर. सही दिल्याबद्दल वर पेढेही द्यावे लागतात.

दुसरीकडे, घरबसल्या ऑनलाइन पीएचडी देणाऱ्यांचे फोन आमच्या शिक्षकखोलीत नियमित येतात. परदेशी विद्यापीठांशी हातमिळवणी करून शिक्षण-कंपन्या जी ऑनलाइन पीएचडी विकतात तिला मान्यता नाही, असं आयोगाने आणि एआयसीटीईने २०२२च्या ऑक्टोबरात जाहीर सांगितलं होतं. तरी नावाआधी 'डॉ.' लागण्याची हौस अशी असते की माणूस विचारतो, 'पण सर्टिफिकेट तर देतात ना?' असल्या पदवीला मी सवलतीची म्हणत नाही, सवंग म्हणते. तुम्ही कितीही वाकलात तरी इतक्या वाकू नका.

तुमच्या खानदानाचा, म्हणजे शालेय मानसशास्त्राचा, इतिहास मात्र मला फार आवडतो, आणि तो तुमच्या माहितीपत्रकात कुठेच नसतो म्हणून सांगते. १८९६ सालचा मार्च महिना, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ. लाइटनर विटमर हे मानसशास्त्रज्ञ फिलाडेल्फियातल्या शाळाशिक्षकांसाठी वर्ग घेत असत. मार्गारेट मग्वायर ही त्या वर्गातली नोकरी करणारी शिक्षिका. तिच्या शाळेत चौदा वर्षांचा एक मुलगा होता. बाकी सगळं ठीक, पण स्पेलिंग काही केल्या जमेना. मानसशास्त्राला खरंच काही कळत असेल तर त्याने या मुलाला मदत करायला हवी, अशा विचाराने ती त्याला विटमरांकडे घेऊन आली. तपासात नजरेचा दोष निघाला. चष्मा दिला, शिकवणी लावली, सुधारणा झाली. त्या मुलापासून जगातलं पहिलं मानसशास्त्रीय क्लिनिक सुरू झालं असं मानतात. म्हणजे ज्या विद्याशाखेत 'नोकरीवाला' या शब्दाने विद्यार्थ्याला जरा खालच्या पाटावर बसवतात, तिचा नारळ फोडला तो नोकरी करत शिकणाऱ्या एका मास्तरीणबाईनेच. ती पूर्णवेळ संशोधक असती तर तो मुलगा तिच्या वर्गात असता का?

माझ्याही शाळेत असा एक आहे. सहावीत आहे, गोष्ट तोंडी सांगताना थांबत नाही, आणि वही उघडली की 'मित्र'चा 'मीतर' होतो, 'सूर्य'चा 'सुय'. इंग्रजीतल्या वाचनदोषावर ढीगभर पुस्तकं आहेत. पण मराठी अक्षर ही निराळी चीज आहे. 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि उच्चारायची नंतर. 'सूर्य'मधला र बोलताना य-च्या आधी येतो, कागदावर मात्र य-च्या डोक्यावर जाऊन बसतो. कानडी मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की एवढा मोठा अक्षरसंच आत्मसात व्हायला प्राथमिक शाळेची बरीच वर्षं जातात. म्हणजे तिसरीतल्या मुलाला जोडाक्षर येत नाही एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. मग घाबरायचं कधी? त्यात सहावीतला तो मुलगा 'पाणी'ला 'पानी' लिहितो, कारण त्याच्या घरी सगळे 'पानी'च म्हणतात. त्याच्या वर्गाच्या बाई लाल पेनाने गोल करतात. हा दोष मेंदूतल्या वाचनप्रक्रियेचा, शिकवण्यातला, की दोष नाहीच, घरची बोली आहे? हे वेगळं काढून दाखवेल असं विश्वासाचं साधन शाळेच्या टेबलावर हवं. माझा प्रबंध तेवढ्यासाठीच आहे.

साधनं अगदीच नाहीत असं नाही. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी स्टॅनफर्ड-बिने बुद्धिचाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. त्यांचं पुस्तक १९४०चं. नागपूरच्या डॉ. आर्थर मालिन यांनी वेक्सलरची मुलांची चाचणी भारतीय केली, त्यालाही पन्नासहून जास्त वर्षं झाली. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या प्रज्ञा मानस संशोधिकेने गिलफर्डच्या बुद्धीच्या प्रतिमानावर कसोट्या उभ्या केल्या. ही माणसं मोठी होती, यात वादच नाही. पण कामतांची चाचणी आजही कित्येक ठिकाणी काढली जाते, आणि समोर बसलेला मुलगा मोबाइलवर वाढलेला असतो. प्रमाणकं दर पिढीला नव्याने काढायची असतात. ते काम किचकट आहे, त्यात टाळ्या नाहीत, आणि त्याला शेकडो मुलांपर्यंत पोचणारी माणसं लागतात. तशी माणसं शाळांतच नोकरीला आहेत.

आता तुमचा आणि नोकरीचा खरा पेच सांगते. वेळेची ओढाताण सगळ्यांना दिसते, हा दिसत नाही. ज्या खोलीत सकाळी नववीतली मुलगी दार लावून रडते, त्याच खोलीत दुपारी मी तिच्यापुढे संमतिपत्र सरकवायचं? ती 'नाही' म्हणेल कशी? मी तिची समुपदेशक आहे. पालकांची सही लागते, तीही येते, कारण शाळेतून आलेल्या कागदावर आपल्याकडे न वाचता सही होते. एथिक्स कमिटीपुढे फाइल पूर्ण दिसेल आणि तरी ती संमती खरी नसेल. शिवाय मुख्याध्यापकांना आकडे हवेत : 'आपल्याकडे वाचनदोषाचे किती निघाले?' म्हणून माझा साधा नियम आहे : जिथे पगार, तिथे सॅम्पल नाही. आपल्या शाळेत प्रश्न सापडावा, डेटा मात्र दुसऱ्या शाळांतून आणावा. त्यासाठी रजा पडतात आणि अर्धवेळ नावाचा अर्थ बिनपगारी असा होतो, तो भाग वेगळा.

तुमच्या अमेरिकेतल्या थोरल्या बहिणीचं ऐकून आहे. तिकडे संध्याकाळचे, शनिवार-रविवारचे, बरेचसे ऑनलाइन असे वर्ग भरतात. पण शाळेत मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला तिकडे बहुतेक ठिकाणी डॉक्टरेट लागतच नाही, स्पेशालिस्ट पातळीची पदवी पुरते. आणि ज्याला डॉक्टरेटच हवी त्याला तिथल्या शालेय मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या निकषांप्रमाणे दीड हजार तासांची इंटर्नशिप, त्यातले निदान सहाशे तास शाळेत. वर्ग हवे तेव्हा भरवा, पण मुलांसमोर घालवायच्या तासांना सूट नाही. हा हिशेब मला पटतो. आपल्याकडे नेमकं उलटं आहे. कोर्सवर्कला हजेरी कडक, आणि आयुष्याची कैक वर्षं शाळेत काढलेल्या बाईचे ते तास कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. तिने देखरेखीखाली केलेल्या केसेस श्रेयांकांत धरायला काय हरकत आहे?

तुमच्या दारात आम्ही उभे राहतो तेही दोन दारांत. मानसशास्त्र विभाग म्हणतो हा विषय शिक्षणशास्त्राचा, शिक्षणशास्त्र विभाग म्हणतो या चाचण्या मानसशास्त्राच्या. प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा आणि सहायकाला चार विद्यार्थी एवढीच मर्यादा. शालेय मानसशास्त्रात रस असलेला गाइड मोकळा सापडणं म्हणजे मुंबईत जागा सापडण्यासारखं. आणि निकड तर वाढतेच आहे. सीबीएसईने २०१८च्या नियमांत माध्यमिक शाळांना समुपदेशक नेमायला सांगितलं. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना निदान एक पात्र समुपदेशक ठेवायला सांगितलं. नेमणुकीचा आदेश निघतो एका दिवसात. त्या समुपदेशकांना मराठी मुलाचं वाचन तपासायला कोण शिकवणार, याचा आदेश निघत नसतो. इथे तुम्ही उपयोगी आहात, पीएचडीबाई, आणि म्हणूनच इतका त्रास होऊनही तुमचा नाद सुटत नाही.

तेव्हा विनंती छोटीच आहे. मुदत कमी करू नका, प्रबंध पातळ करू नका, व्हायवा जाचक ठेवा. फक्त तुमचं वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून एकदा बघा. दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते, ती बैठक दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत ठेवता आली तर तसं कळवावं. मार्चमध्ये जमणार नाही. दहावीची परीक्षा चालू असते, आणि आयत्या वेळी न आलेल्या लेखनिकाच्या जागी दुसरा शोधायचं काम माझ्याकडे असतं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक शालेय समुपदेशक